ऑफिसच्या स्विचवर क्यूओएस लावताना: फोनचं पॅकेट रांगेत पुढे कसं काढायचं

“साहेब, तुमचा आवाज कापतोय.” हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकू यायला लागलं की ऑफिसातलं कुणीतरी सल्ला देतंच, “अहो, स्विचवर क्यूओएस लावा ना.” मलाही दिला. (क्यूओएस म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिस: डेटाच्या कुठल्या पॅकेटला, म्हणजे तुकड्याला, आधी वाट द्यायची हे ठरवणारी स्विचची सोय.) मी एका संध्याकाळी इंटरनेटवर सापडलेली पहिली कमांड मारली आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी आवाज कापत होताच, शिवाय हिशोबाचं सॉफ्टवेअरही अडखळायला लागलं. त्यानंतरचे दोन आठवडे मी जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय.

आमचं ऑफिस दोन मजल्यांचं. बत्तीस आयपी फोन, सोळा कॅमेरे, एक फाइल सर्व्हर, प्रत्येक मजल्यावर सिस्कोचा एक कॅटॅलिस्ट २९६०. जुना स्विच आहे, पण अजून कित्येक ठिकाणी रॅकमध्ये तोच बसलेला दिसतो, आणि नवख्या माणसाला पाडणारे जवळपास सगळे खड्डे त्याच्यात आहेत. तो समजला की बाकीचे स्विच सोपे वाटतात. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

१. आधी रांग कुठे लागते ते शोधा

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती.

क्यूओएस बँडविड्थ वाढवत नाही. पोर्टमधून बाहेर पडायला पॅकेटांची रांग लागली असेल, तर त्या रांगेत कोण पुढे आणि कोण मागे, एवढंच ते ठरवतं. रांगच नसेल तर पहिल्या नंबरचा उपयोग काय? म्हणून आधी शोधायचं, की आपल्या नेटवर्कमध्ये रुंद रस्ता अरुंद कुठे होतो. बहुतेक ऑफिसांत अशा जागा तीनच: दोन स्विचमधली अपलिंक, सर्व्हर किंवा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या एनव्हीआरचं पोर्ट, आणि इंटरनेटचा राउटर.

एक हिशोब करून बघा. जी.७११ कोडेकचा (आवाजाचा डेटा करायची एक पद्धत) एक कॉल दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट पाठवतो. आतला आवाज १६० बाइटांचा, त्यावर आयपी, यूडीपी, आरटीपी या हेडरांची (पॅकेटवर लावलेल्या पत्त्याच्या चिठ्ठ्यांची) ४० बाइट आणि इथरनेटचं वेष्टन. एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस. वीस कॉल एकाच वेळी चालले तरी पावणेदोन एमबीपीएस. उलट, ४ एमबीपीएसचे सोळा कॅमेरे सतत ६४ एमबीपीएस ओततात. म्हणजे फोनला रुंदी लागतच नाही; त्याला फक्त वेळेवर वाट हवी. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.११४ शिफारशीनुसार बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोहोचला तर बहुतेकांना उशीर जाणवत नाही.

आता “शो इंटरफेसेस” मारून प्रत्येक अपलिंकवर दोन गोष्टी बघा: लिंकचा वेग आणि “टोटल आउटपुट ड्रॉप्स”चा, म्हणजे रांगेत जागा नाही म्हणून टाकून दिलेल्या पॅकेटांचा, आकडा. आमच्याकडे दोन मजल्यांमधली गिगाबिट लिंक १०० एमबीपीएसवर चालली होती! कारण साधं. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. एका जोडीचं क्रिम्पिंग सैल होतं, त्यामुळे स्विचने गुपचूप खालचा वेग पकडला. लिंकचा दिवा हिरवाच, तक्रार कुठेच नाही. केबलचं टोक कापून नवा कनेक्टर बसवला आणि कॉलच्या निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच संपल्या. क्यूओएसचा एक शब्दही न लिहिता.

डुप्लेक्सही बघा. फुल डुप्लेक्स म्हणजे दोन्ही दिशांची रहदारी एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीने. एका टोकाला वेग आणि डुप्लेक्स हाताने पक्के केलेत आणि दुसरं टोक ऑटोवर आहे, असं असेल तर ऑटोवालं टोक हाफ डुप्लेक्सवर घसरतं. हा रोग क्यूओएसच्या औषधाने बरा होत नाही.

आणि ग्राफच्या नादी लागू नका. पाच मिनिटांची सरासरी वीस टक्के दिसते म्हणून रस्ता मोकळा आहे, असं समजायचं कारण नाही. सर्व्हरने अर्ध्या सेकंदात ओतलेला लोंढा पाच मिनिटांच्या सरासरीत विरघळून जातो. ड्रॉपचा आकडा मात्र खोटं बोलत नाही.

केबल, वेग, डुप्लेक्स सगळं ठीक आहे आणि तरी ड्रॉप वाढताहेत, तरच पुढे वाचा.

२. हाताशी काय काय हवं

- स्विचचा लॉगिन आणि कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी). नेटवर्कवरून आत शिरून काम करताना स्वतःचीच वाट बंद होऊ शकते.
- चालू कॉन्फिगची प्रत, लॅपटॉपवर उतरवलेली. स्विचमध्ये आहे म्हणून निवांत राहू नका.
- कुठल्या पोर्टला काय जोडलंय याची यादी. वहीत असली तरी चालेल, पण खरी हवी.
- फोनच्या सेटिंगचं पान: व्हॉइस व्हीलॅन (फोनसाठी वेगळं काढलेलं आभासी नेटवर्क) कोणता, पॅकेटवर खूण कोणती.
- लिनक्स असलेला एक लॅपटॉप, त्यात वायरशार्क (पॅकेट उघडून बघायला) आणि आयपर्फ३ (चाचणीची रहदारी ओतायला). आणखी एकदोन लॅपटॉप.
- ऑफिस सुटल्यानंतरचे दोन तास.

काम सुरू करण्याआधी “रीलोड इन १०” मारा. दहा मिनिटांत काही बिघडलं आणि तुम्ही बाहेर फेकले गेलात, तर स्विच आपोआप रीबूट होऊन जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं नीट झालं तर “रीलोड कॅन्सल”. अट एकच: मधल्या वेळात सेव्ह करायचं नाही.

३. खुणा ओळखून घ्या

पॅकेट महत्त्वाचं आहे हे स्विचला त्यावरच्या खुणेवरून कळतं, आणि खुणा दोन जागी असतात.

पहिली इथरनेटच्या व्हीलॅन टॅगमध्ये. तीन बिट, म्हणून ० ते ७. तिला कुणी ८०२.१पी म्हणतं, कुणी सीओएस. टॅग उतरला की ही खूण गेली. साध्या, टॅग नसलेल्या पोर्टवर ती नसतेच.

दुसरी आयपी हेडरमध्ये, तिचं नाव डीएससीपी. सहा बिट, ० ते ६३. ही पॅकेटबरोबर शेवटपर्यंत जाते, वाटेत कुणी खोडली नाही तर. यातले तीनचार आकडे लक्षात ठेवा, बाकीचे विसरा: आवाजाला ४६ (याचं नाव ईएफ), व्हिडिओ कॉलला ३४, कॉल जोडणाऱ्या सिग्नलिंगला २४, आणि बाकी सगळ्यांना ०.

एक गोंधळ आधीच मिटवतो. काही प्रोग्रॅम डीएससीपी न मागता संपूर्ण टीओएस बाइट मागतात, म्हणजे डीएससीपीचे सहा बिट ज्यात बसतात तो आठ बिटांचा बाइट. तिथे ४६ ला चारने गुणायचं: १८४. हेक्समध्ये बी८. फोनच्या सेटिंगमध्ये १८४ दिसलं म्हणून घाबरू नका. आणि जिथे १८४ हवंय तिथे ४६ लिहू नका.

४. कुणाच्या खुणेवर विश्वास ठेवायचा

खूण कुणीही मारू शकतं. एखाद्याने आपल्या पीसीवरच्या डाउनलोडला ४६ लावलं आणि स्विचने ते निमूट मानलं, तर तो डाउनलोड सगळ्या फोनांच्या पुढे. म्हणून स्विचच्या प्रत्येक पोर्टवर “ट्रस्ट” ठरवावा लागतो.

माझी पहिली चूक नेमकी इथे झाली. २९६० वर क्यूओएस मुळात बंद असतं, आणि तेव्हा स्विच खुणांना हात लावत नाही. आल्या तशा पुढे जातात. पण “एमएलएस क्यूओएस” ही एकच कमांड मारली की क्यूओएस चालू होतं आणि सगळे पोर्ट अविश्वासू ठरतात. प्रत्येक पॅकेटवरची खूण पुसून ० केली जाते. म्हणजे फोन बिचारा ४६ लिहून पाठवतोय आणि मीच दारात उभा राहून ते खोडतोय.

आता कुठल्या पोर्टवर काय ठेवायचं ते बघू. टेबलावरच्या आयपी फोनला मागे दोन सॉकेट असतात, एक स्विचकडे जाणारं आणि एक पीसीसाठी. म्हणजे स्विचच्या एकाच पोर्टवर फोनही येतो आणि पीसीही. फोनची पॅकेटं व्हॉइस व्हीलॅनचा टॅग लावून येतात, पीसीची बिनटॅगची. अशा पोर्टवर “एमएलएस क्यूओएस ट्रस्ट सीओएस” ठेवलं की काम सोपं होतं. फोनच्या टॅगमधला ५, म्हणजे आवाजाचा सीओएस, मानला जातो. पीसीच्या पॅकेटला टॅगच नाही, त्यामुळे त्याला पोर्टचा मूळ ० मिळतो, पीसीने डीएससीपीमध्ये काहीही लिहिलेलं असो.

याला एक शेपूट आहे. सीओएसवर विश्वास ठेवला की स्विच त्यावरून डीएससीपी नव्याने लिहितो, आणि मूळ तक्त्यात ५ चं रूपांतर ४० मध्ये होतं, ४६ मध्ये नाही. पुढचा राउटर ४६ ची वाट बघत बसला असेल तर त्याला ते कधीच दिसणार नाही. तो तक्ता हाताने बदलायचा. कमांड पुढच्या पायरीत आहे.

दुसरा सापळा “ऑटो क्यूओएस व्हॉइप सिस्को-फोन” या तयार कमांडचा. ती पोर्टवर सिस्कोचा फोन आहे का हे सीडीपीने (सिस्कोची उपकरणं एकमेकांना ओळख सांगतात तो प्रोटोकॉल) तपासते आणि फोन सापडला तरच विश्वास ठेवते. तुमचे फोन दुसऱ्या कंपनीचे असतील तर कमांड बिनतक्रार लागते, कॉन्फिगमध्ये वीसेक ओळी दिसतात, आणि परिणाम शून्य.

५. प्रत्यक्ष कमांड

ग्लोबल मोडमध्ये (जिथे अख्ख्या स्विचची सेटिंग बदलतात), याच क्रमाने:

“एमएलएस क्यूओएस मॅप सीओएस-डीएससीपी ० ८ १६ २४ ३२ ४६ ४८ ५६”

“एमएलएस क्यूओएस क्यू-सेट आउटपुट १ बफर्स १० ५० २० २०”

फोनच्या पोर्टांवर: “एमएलएस क्यूओएस ट्रस्ट सीओएस” आणि “प्रायॉरिटी-क्यू आउट”.

दोन स्विचमधल्या अपलिंकवर आणि राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर: “एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी” आणि “प्रायॉरिटी-क्यू आउट”. अपलिंकच्या दोन्ही टोकांना, बरं का. एकच टोक केलं तर जातानाचा आवाज स्वच्छ आणि येतानाचा फाटका.

टेलिफोन सर्व्हरच्या पोर्टवर ट्रस्ट डीएससीपी. कॅमेरे, प्रिंटर, नुसते पीसी यांच्या पोर्टवर काहीच नाही. ते अविश्वासूच बरे.

सगळ्यात शेवटी, ग्लोबलमध्ये: “एमएलएस क्यूओएस”. ही मुद्दाम शेवटी, म्हणजे क्यूओएस चालू होण्याआधी ट्रस्ट आपापल्या जागी बसलेला असतो.

यातल्या दोन ओळी बहुतेक लोक वगळतात, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर.

बफरची ओळ. या स्विचला प्रत्येक पोर्टवर बाहेर जाणाऱ्या चार रांगा असतात. क्यूओएस चालू झालं की पोर्टची बफर मेमरी (पॅकेटं थांबायची जागा) चौघींत २५-२५ टक्के वाटली जाते. पण खूण नसलेली सगळी रहदारी, म्हणजे ऑफिसातलं जवळपास सगळंच, दुसऱ्या रांगेत जातं. कालपर्यंत ज्या रहदारीला सगळी मेमरी मोकळी होती, तिला आज एक चतुर्थांश. आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर रडायला लागलं ते यामुळे. म्हणून दुसऱ्या रांगेला ५० टक्के. हे आकडे माझ्या ऑफिसचे आहेत. बेरीज १०० ठेवून तुम्ही तुमचे बसवा. आवाजाच्या रांगेला १० टक्के भरपूर होतात, कारण ती रांग कधी साचूच द्यायची नसते.

“प्रायॉरिटी-क्यू आउट”. डीएससीपी ४० ते ४७ पहिल्या रांगेत जातात, हे मूळचंच आहे. मला वाटायचं, पहिली म्हणजे आपोआप सर्वांत आधी सुटणारी. तसं नाही. मूळ सेटिंगमध्ये पहिल्या रांगेला शेपिंगचं (वेगाला बांध घालण्याचं) वजन २५ असतं, आणि त्याचा अर्थ पोर्टच्या वेगाचा पंचविसावा भाग, म्हणजे ४ टक्के, हीच तिची कमाल मर्यादा. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर फक्त ४ एमबीपीएस. वजन वाढलं की वाटा कमी, असा हा उलटा कारभार. “प्रायॉरिटी-क्यू आउट” दिलं की ते वजन बाजूला पडतं आणि पहिली रांग रिकामी होईपर्यंत बाकीच्या थांबतात.

“बाकीच्या थांबतात” हे दोनदा वाचा. या रांगेला वरची मर्यादा नसते. तिच्यात चुकून कॅमेऱ्यांचे ६४ एमबीपीएस सोडलेत तर १०० च्या लिंकवर बाकीच्यांच्या वाट्याला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच उरतं. पहिल्या रांगेत आवाज आणि फक्त आवाज. मोठ्या साहेबांचा लॅपटॉप नाही. ही मागणी येणार, आधीच सांगून ठेवतो.

तुमच्याकडे ९२०० किंवा ९३०० मालिकेतला नवा स्विच असेल तर “एमएलएस” कमांड तिथे चालणार नाहीत. तिथे क्लास-मॅपने रहदारी ओळखायची, पॉलिसी-मॅपमध्ये तिला प्रायॉरिटी द्यायची आणि सर्व्हिस-पॉलिसीने ती पोर्टला जोडायची. आणि तिथे सगळं उलट: पोर्ट मुळातच खुणांवर विश्वास ठेवतात, त्यामुळे पीसीच्या खुणा पुसण्याचं काम तुम्हाला करावं लागतं.

६. वेब पानावरून चालणारा छोटा स्विच असेल तर

टीपी-लिंक, नेटगिअर वगैरेंच्या बऱ्याच स्मार्ट स्विचमध्ये कमांड नसतात, ब्राउझरमध्ये क्यूओएसचं पान असतं. तिथे पहिला प्रश्न पद्धतीचा: पोर्टवरून, ८०२.१पी वरून, की डीएससीपी वरून. फोनच्या मागे पीसी जोडलेले असतील तर पोर्टची पद्धत निरुपयोगी, कारण मग पीसीलाही तोच मान मिळतो. डीएससीपी निवडा.

दुसरा प्रश्न रांगा कशा सोडायच्या याचा. नुसती स्ट्रिक्ट प्रायॉरिटी लावली तर वरच्या रांगा खालच्यांना उपाशी ठेवू शकतात. वरची एक रांग स्ट्रिक्ट आणि बाकीच्या वजनानुसार, असा मिश्र पर्याय असेल तर तोच घ्या.

त्याच वेबपानांत कुठेतरी फ्लो कंट्रोल असतं. ते बंद करा. ते चालू असताना समोरचा पोर्ट “थांब” म्हणाला की स्विच सगळ्या रांगा थांबवतो, आवाजाचीसुद्धा. त्या “थांब”ला प्राधान्य कळत नाही.

७. खरंच चाललंय का ते बघा

“शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस”, पुढे पोर्टचं नाव, पुढे “स्टॅटिस्टिक्स”. एक कॉल लावा, बोलत राहा, आणि अपलिंकवरचे आकडे बघा. आउटगोइंग डीएससीपीच्या तक्त्यात ४६ च्या जागी आकडा वाढतोय का? ४० च्या जागी वाढत असेल तर मॅपची ओळ विसरलात. सगळे ० वरच वाढत असतील तर ट्रस्ट. त्याच्याच खाली रांगेनुसार ड्रॉप दिसतात. आवाजाच्या रांगेत शून्य हवा.

वायरशार्कने बघायचं तर फिल्टरमध्ये “आयपी डॉट डीएसफील्ड डॉट डीएससीपी” बरोबर ४६. पण मिरर (एका पोर्टच्या रहदारीची दुसऱ्या पोर्टवर काढलेली प्रत) कुठल्या पोर्टचा घेताय याकडे लक्ष द्या. आत येणाऱ्या रहदारीचा मिरर स्विचने खूण बदलण्याआधीची प्रत देतो. फोनच्या पोर्टचा मिरर घेऊन ४६ दिसला म्हणून मी एक अख्खा दिवस खूश होतो. स्विच ते पुढे पुसत होता. मिरर पलीकडच्या स्विचवर, अपलिंकमधून आत येणाऱ्या रहदारीचा घ्या.

खरी परीक्षा रांग लावूनच होते. ऑफिस रिकामं असताना अपलिंकला “स्पीड ऑटो १००” द्या, म्हणजे डुप्लेक्सचा घोळ न होता रस्ता अरुंद होतो. गिगाबिट पोर्टवरच्या एका लॅपटॉपवरून आयपर्फ३ ने यूडीपीचे २०० एमबीपीएस ओता. दुसऱ्या, लिनक्सच्या लॅपटॉपवरून २ एमबीपीएस, “मोठा एस १८४” हा पर्याय लावून. त्याच्या पोर्टवर परीक्षेपुरता ट्रस्ट डीएससीपी द्यावा लागेल. लिनक्स अशासाठी की विंडोज प्रोग्रॅमने सांगितलेली खूण सहसा मानत नाही, तिथे ग्रुप पॉलिसीतून द्यावी लागते. पलीकडे आयपर्फ३ चे दोन सर्व्हर वेगवेगळ्या पोर्ट नंबरवर चालवा, कारण एक सर्व्हर एका वेळी एकच चाचणी घेतो. मोठ्या लोंढ्यातली निम्मी पॅकेटं पडायला हवीत आणि छोट्याचं एकही नाही. असं दिसलं की रीलोड कॅन्सल, वेग पूर्ववत, लॅपटॉपच्या पोर्टवरचा ट्रस्ट काढा, आणि मगच सेव्ह.

८. स्विचच्या हाताबाहेरच्या दोन जागा

वाय-फाय. मोबाइलवरच्या कॉलिंग अ‍ॅपने ४६ लावलं तरी बरेचसे अ‍ॅक्सेस पॉइंट त्यातले वरचे तीनच बिट बघतात. त्यातून ५ मिळतो, आणि वाय-फायच्या चार वर्गांत ५ म्हणजे व्हिडिओ. आवाजाचा वर्ग ६ आणि ७ चा. २०१८ च्या आरएफसी ८३२५ मध्ये ४६ ला ६ द्या असं सांगितलंय. अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये डीएससीपीचा तक्ता बदलता येत असेल तर तेवढं करा.

इंटरनेट. साध्या ब्रॉडबँडवर तुमच्या खुणांना बाहेर कुणी मोजत नाही. पण अपलोडची रांग बहुतेक वेळा तुमच्या राउटरपाशी किंवा त्याच्या पुढच्या मोडेममध्ये लागते. मोडेममध्ये लागली तर तिथे तुमचं काही चालत नाही. म्हणून राउटरवर शेपिंग लावून अपलोड खऱ्या वेगाच्या जरा खाली बांधायचा. आमची लाइन ५० ची आहे, मी ४५ वर बांधली. मग रांग राउटरमध्येच लागते आणि तिथे ४६ ला पुढे काढता येतं. संध्याकाळी क्लाउड बॅकअप सुरू झाला की तुटणारे कॉल यानेच थांबले, स्विचने नव्हे.

इतकं करूनही हिशोब विभागातल्या एका टेबलावरून तक्रार येतच होती. शेवटी खाली वाकून बघितलं, तर टेबलाखाली चिकटपट्टीने लावलेला पाच पोर्टचा प्लॅस्टिकचा स्विच, आणि त्यात फोन, दोन पीसी, प्रिंटर, सगळंच खोचलेलं. असे स्विच पोर्टांच्या यादीत कधीच नसतात. तो काढला आणि भिंतीपासून एक केबल नवीन ओढली.